खिशातला फ्यूज

निपाणीत नव्यानं वीज आलेल्या तंबाखूच्या वखारीत भर दुपारी दिवा लागला, तसं रवळू वायरमनचं टाळकं सटकलं. त्याचा जोडीदार यल्लाप्पा उघड्या तारा हातात धरून शिडीवर उभा होता.

"कुणी फ्यूज घातला रं? माणूस मारताय व्हय?"

"बोर्डापाशी कोण बी न्हाय, आण्णा," यल्लाप्पा वरून म्हणाला.

रवळू तावातावानं बोर्डाकडं गेला. फ्यूजची जागा रिकामीच होती. काम सुरू करताना तो फ्यूज काढून आपल्या छातीवरच्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो घालता येत नसे.

"आधी खाली उतर! ऐकतोस का न्हाय, मुडद्या?"

वर यल्लाप्पाच्या मुठी तारांवर आवळत गेल्या. दिवा आणखी लख्ख झाला, आणि खिशातला फ्यूज रवळूच्या छातीला भाजू लागला.