काट्यावरची मुलगी

"पोरींनो, आरोग्याची तपासणी म्हणजे नुसता काटा वाचणं नव्हे. आधी मुलाकडे नीट बघा." प्रशिक्षणातल्या जुन्या सरांचा हा आवाज खेळाच्या नव्या बाईंच्या कानात अजून होता.

आज सातवीची वजनं घ्यायची होती, आणि सकाळपासून खेळाच्या खोलीतली अर्ध्या-अर्ध्या किलोच्या डंबेलची जोडी गायब होती. गेल्या महिन्यात सगळ्यांत हलकी भरलेली मुलगी काट्यावर चढली. बरोब्बर एक किलो जास्त.

"बाई, आमची काडी जाडी झाली," मागून कुणीतरी खिदळलं.

गालफडं मात्र तशीच बसलेली, आणि दोन्ही हात पोटाशी घट्ट. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी तिला बाजूच्या खोलीत नेलं. स्वेटरच्या आतून डंबेलची जोडी निघाली.

"चोरी कधीपासून करायला लागलीस गं?"





"परत ठेवणार होते, बाई. मागच्या वेळी वजन कमी भरलं म्हणून तुम्ही घरी चिठ्ठी दिलीत ना, तेव्हापासून आई तिचं ताट माझ्यापुढे सरकवते आणि म्हणते, मला भूकच नाही."