दवंडी

भिलाईच्या सिव्हिक सेंटरमधल्या कलादालनात इंग्रजी अमलातल्या खेड्यांची चित्रं लागली होती. दामिनी दुपारी वडिलांना घेऊन आली. स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या फकिराजींना आता काहीच ऐकू येत नव्हतं. चित्रं तरी बघतील, असं तिला वाटलं.

एका चित्रात कोतवाल डफडं वाजवत दवंडी देत होता. साहेबाच्या डेऱ्यावर वेठीला माणसं हवी होती. फकिराजी त्या चित्रासमोर थबकले.

"डफडं कोन वाजवून राहिलं?"

दामिनी हरखली. "बाबा!" तिनं मोठ्यानं हाक मारली.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दालनात पंख्याची घरघर तेवढी होती. दाराशी बसलेल्या चित्रकार नीरजाताईंनी खुणेनं विचारलं, काय झालं?

"नावं घेऊन राहिला थो," फकिराजी पुटपुटले. "माह्या आज्याचं घेतलं. बाबाचं घेतलं." त्यांचा चेहरा उतरला. "आता माहं."

"चला बाबा, घरी जाऊ." तिनं त्यांचा दंड ओढला. ते हलले नाहीत. मान तिरकी करून ऐकत राहिले, आणि एकाएकी त्यांनी तिचं मनगट घट्ट आवळलं.

"पोरी, ओ देऊ नको. काई झालं तरी ओ देऊ नको."

"कोनाले, बाबा?"

तेवढ्यात चित्राच्या बाजूनं कुणीतरी तिला नावानं हाक मारली, अगदी घरच्या माणसासारखी. विचार करायच्या आतच, सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं,

"हो जी, आली."