तळहातावरचा नारळ

"धनी चालती पुढं, मी गं चालते मागं
तापल्या खडकात, गार लागं एक जागं..."

पहाटे जात्यावर बसलेली छबुबाई ही ओवी म्हणायची, त्याला किती तरी वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सुंदररावांना, तिच्या नवऱ्याला, तो आवाज आज पुन्हा ऐकू आला.

तळहातावर नारळ ठेवून जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या म्हणून शिरूर कासारपासून कडा गावापर्यंत त्यांचं नाव होतं. तीन वर्षांपूर्वी छबुबाई गेली. त्यानंतर दाखवलेल्या तिन्ही जागा कोरड्या निघाल्या. बायको गेली आन म्हाताऱ्याचा हात गेला, असं लोक बोलू लागले.

आज पाणी त्यांच्याच वस्तीसाठी शोधायचं होतं. दसरा होऊन गेला होता. टोळ्या ऊसतोडीला निघायला पंधरा दिवस उरले होते आणि वस्तीची विहीर आटली होती. पाणी लागलं तर लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहून शाळा शिकणार होती. नाही लागलं तर त्यांनाही उसाच्या फडावर न्यायचं ठरलं होतं. त्यांत सुंदररावांची नातही होती, चौथीतली सायली.

शिदोरी उचलायला म्हणून त्यांनी सुनेला, योगिताला, पहिल्यांदाच बरोबर घेतलं होतं. पूर्वी ते काम छबुबाईचं असायचं.

"चपला हितंच काढ," ते म्हणाले. "डोंगर देवाचा हाय."

योगितानं चपला दगडाआड ठेवल्या.

पहार खांद्यावर घेऊन मागून येणारा टोळीचा मुकादम बजरंग म्हाताऱ्याच्या पायांकडं बघत राहिला. वहाणा तशाच होत्या.

"तात्या, देव निस्त्या सुनांचाच हाय व्हय?"

"माझं पाय आता कामाचं न्हाईत," सुंदरराव म्हणाले आणि चढू लागले.

वर सगळा उघडा काळा खडक, तव्यासारखा तापलेला. फटीफटीतून वाळकं कुसळ. सुंदरराव पुढं, योगिता मागं, तिच्या मागं बजरंग. नारळ तळहातावर आडवाच. दर चार पावलांनी सुंदरराव वळून बघत.

"दमलीस का?"

"न्हाई, मामा."

"सुनेची लई काळजी," बजरंग म्हणाला. "जरा नारळाकडं बघा की."

दोन कोरडे ओढे झाले. एक घळ झाली. दुपार कलली तसा बजरंग पहार टाकून खाली बसला.

"तात्या, पुरं आता. लेकरांची नावं मी टोळीत धरतो. सायलीचं बी."

सुंदरराव थांबले नाहीत. बजरंग पुन्हा पहार उचलून मागं निघाला.

एका रुंद कातळावर योगिता थांबली. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. मग गाठोडं खाली ठेवून दोन्ही पाय जुळवून उभी राहिली.

"काटा मोडला का, वैनी?"

"न्हाई. हितं पायाला जरा बरं वाटलं."

सुंदरराव दहा पावलं परत आले. तिच्याशेजारी उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी हात पुढं केला. नारळ थरथरला, डोलला आणि हळूहळू उभा राहिला.

"हितं," ते म्हणाले.

बजरंगनं फटीत पहार घातली. तासाभरानं खडकाची चीप हलली. खालचा मुरूम काळपट होता. हातभर उकरल्यावर ओल आली, आणखी हातभर गेल्यावर खळग्यात पाणी भरू लागलं. आधी गढूळ, मग नितळ. बजरंगनं ओंजळ तोंडाला लावली. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

"गोड हाय, तात्या."

मग तो कड्यावर जाऊन वस्तीच्या दिशेनं ओरडला, घसा बसेपर्यंत. हंडे, घागरी घेऊन माणसं डोंगर चढून आली. सगळ्यांच्या पुढं सायली, शाळेच्या कपड्यातच. कुणीतरी हलगी आणली. बजरंगनं डोक्याचा फेटा सोडून सुंदररावांना बांधला.

"हात परत आला म्हाताऱ्याचा," तो सगळ्यांना सांगत सुटला.

नव्या पाण्यावर नारळ फोडायचा मान पाणाड्याचा. लोक वाट बघत होते. सुंदररावांनी फेटा उतरवून योगिताच्या खांद्यावर ठेवला आणि नारळ तिच्या हातात दिला.

"फोड."

"मी कावून, मामा? मान तुमचा हाय."

"माझा कधीच नव्हता."

हलगी थांबली.

"नारळ मी अंगठ्यानं उभा करायचो, पोरी. तुझी सासू थांबायची तिथं. आज तू थांबलीस."