सुटलेला सोमवार

गावाहून परतलेल्या मृदुलाने ओट्यावरचं झाकण उचललं, तर ताटातला वरणभात आंबलेला. आई, इंदुमती, खिडकीशी शेंगा सोलत बसली होती.

“आई, उपास सोडला नाहीस?”

“सोडते की. दिवेलागण होऊ दे.”

“अगं, सोमवार काल झाला.”

इंदुमतीचे हात थांबले. वर्षानुवर्षं सुजून पालटलेलं जठराचं अस्तर काढून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेलं बसवलं, त्याला चार महिने झाले होते. जळजळ गेली, तिच्यासोबत भूकही.

मृदुलाने ताजं ताट वाढलं. इंदुमती घड्याळाकडे बघून जेवायला बसली.

“तुझ्या आजारपणात बोलले होते हे सोमवार,” ती भात कालवत म्हणाली. “पोटात आग पडायची, तरी केले. आता देवाला मी देते तरी काय?”