उरलेला ओक
स्पेनमधल्या त्या माळावर भर दुपारी सगळं गाव ओकाच्या एकुलत्या एका झाडाखाली दाटीवाटीनं बसलं होतं. बाकीचे ओक तोडून तिथं यांत्रिक छत्र्या उभारल्या होत्या. त्यांच्याखाली सावली होती, पण गारवा नव्हता. माती तव्यासारखी तापायची. छत्र्यांची पाहणी करायला आलेल्या सुनेत्रा कर्णिकला पाहून म्हातारी पिलार जागेवरून उठली.

"ये पोरी, इथं बस. पानांतून पाण्याची वाफ उडते ना, म्हणून इथं गार वाटतं."

सुनेत्रा उन्हातच उभी राहिली. "आजी, त्या छत्र्या मीच बनवल्यात," ती कशीबशी म्हणाली.

"ठाऊक आहे. तुझा फोटो लावला होता गावात," पिलार म्हणाली. "बस आता. ऊन लागेल."

सुनेत्रा बसली. त्या गारव्यात तिला मान वर करवेना.