गुरुजींची बाळंतीण

"शुक्रवारी साहेब येतील तेव्हा यातलं एक पिल्लू जरी कमी असलं, तर नावाचा केणे नाही," असं गुरुजींनी अख्ख्या वाडीसमोर सांगितलं ते रविवारी. मंगळवारी पाच कमी होती.

काचेची बरणी. तळाला वाळू, एक खापराचा तुकडा, ओला बोळा, तोंडाला फडकं. आत वाडीतल्या नवसूनं सिद्धगडाच्या वाटेवरनं धरून आणलेली विंचवीण, नुकतीच व्यालेली. पाठीवर सत्तावीस पिल्लं, तांदळाच्या कण्या चिकटाव्यात तशी. वाडीचं म्हणणं, विंचवाची पोरं आईला खातात. गुरुजींचं म्हणणं, साफ खोटं. तिला कुणी छळलं नाही, तर पिल्लं पाठीवर सुखानं राहतात आणि कात टाकली की आपल्या पायांनी उतरतात. हे साहेबांना दाखवायचं होतं. मागच्या तपासणीला ते बोलून गेले होते, काही नवं करून दाखवा, मग शहापूरच्या बदलीचं बघू. शहापुरात बायको सुंदरा होती, दोन पोरं होती. धाकटा गुरुजींना काका म्हणायचा.

मंगळवारी गुरुजी पाढे घेत असताना बाईजा सुईण पडवीत आली. निम्मी वाडी तिच्या हातावर जन्मलेली. सत्तावीस पोरांची बाळंतीण गार वाळूवर पडलीय आणि शेक म्हणून नाही, हे तिला बघवेना. तिनं खापरात निखारे घेतले, ओवा टाकला आणि बरणीला झकास धुरी दिली. विंचवीण बिथरली आणि पाच पिल्लं खाऊन बसली.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "बाईजा, ती विंचवीण आहे."

"मग बाई नाय का ती?" बाईजा म्हणाली. "तुमी पुरुषमाणूस, गुरुजी. बाळंतपणातलं तुमाला काय कळतंय?"

बुधवारी नवसूला दया आली. एवढं ओझं घेऊन बिचारीनं पाठ टेकावी तरी कशी? त्यानं तुरीच्या काडीनं एकेक पिल्लू हळूच खाली लोटलं. जी पुन्हा चढली ती वाचली. जी तोंडासमोर आली ती गेली. म्हणजे खाते ती आईच, असं नवसू वाडीभर सांगून आला. गुरुजींचं शास्त्र तेवढ्यापुरतं बुडालं.

गुरुवारी साहेबांसाठी चहा-साखर आणायला गुरुजींना टोकावड्याला जाणं भाग होतं. त्यांनी बाईजाला समोर बसवून तीनदा म्हणून घेतलं, धुरी द्यायची नाही, काडी लावायची नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. बाईजानं यातलं काहीएक केलं नाही. पण दिवस पाचवीचा. सटवाई पोरांचं नशीब लिहायला येणार, तर बांधलेल्या बरणीत ती शिरेल कशी आणि लिहील कशानं? बाईजानं फडकं सोडलं आणि गुरुजींच्या टेबलावरचा टाक बरणीत उभा करून ठेवला.

त्या टाकावरून विंचवीण बाहेर आली.

गुरुजी परतले तेव्हा बरणीत टाक तेवढा होता. अंधार पडेस्तोवर ते चिमटा घेऊन गुडघ्यांवर रांगत होते. विंचवीण माठाखालच्या ओलीत सापडली. पाठीवर नऊ उरली होती. बाईजा म्हणाली, नशिबात नऊच लिहिली असतील, त्याला सटवाई काय करणार.

शुक्रवारी साहेब आले, तर वाडी आंघोळी करून पडवीत हजर. जो तो बाळंतिणीची चौकशी करत होता. धुरी का द्यायची नाही, काडी का लावायची नाही, हे बाईजानंच साहेबांना समजावून सांगितलं. साहेबांना भरून आलं. एवढी शास्त्राची गोडी लावणारा शिक्षक त्यांनी तालुक्यात पाहिला नव्हता.

गुरुजींनी हलकेच विचारलं, "साहेब, ते शहापूरचं..."

"तेच लिहितोय," साहेब म्हणाले.

शेरा असा पडला: प्रयोग अनुकरणीय. बरणी प्रदर्शनासाठी शहापूरला नेत आहे. अशा शिक्षकाची गरज वाडीलाच असल्याने त्यांना येथून हलवू नये. त्यांनी दुसरी विंचवीण पाळावी.

चार वाजताच्या एस.टी.नं विंचवीण नऊ पिल्लांसकट शहापूरला गेली. साहेबांनी तिला खिडकीशी बसवलं होतं.