वाचलेली लक्ष्मी

"दुकानातलं काही म्हणजे काही वाचलं नाही, मॅडम." कापड दुकानदार सोनटक्के आपल्या घरी सोफ्यावर बसून डोळे पुसत होता. आग लागली तेव्हा दुकान कुलूपबंद होतं आणि हा परगावी लग्नात जेवत होता. विमा कंपनीचा संशय पक्का होता, पुरावा मात्र शून्य. फौजदार रेवती ढोबळे आजही हात हलवत परत निघाली.

निघताना ती सवयीने देव्हाऱ्यासमोर थांबली. आत चांदीची लक्ष्मी होती, मुकुट किंचित वाकलेला. तिने मोबाइलवर दुकानाचा जुना फोटो उघडला. भरपाईच्या अर्जाला तो त्यानेच जोडला होता. गल्ल्यामागे हीच लक्ष्मी, हाच वाकडा मुकुट.

"ही दुकानातली ना, आजी?"

"हो ना," सोनटक्केची आई कौतुकाने म्हणाली. "देवीचीच इच्छा. लग्नाला निघायच्या आधी घेऊन आला घरी."

"आई, तू आत जा," सोनटक्के पुटपुटला.

रेवतीने लक्ष्मीला मनापासून हात जोडले. महिनाभरात पहिल्यांदाच तिला हसू आलं.

"आग लागणार हे देवीला आधी सांगितलंत, सोनटक्के," ती म्हणाली. "आता चौकीवर चला आणि आम्हालाही सांगा."